मधलं माप

ते दोन हजार सतरा साल होतं. थोरले जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. पिंजणाचं यंत्र आठवड्यातून दोनच दिवस फिरायचं, आणि रस्त्याच्या टोकाला फोमच्या गाद्यांचं काचेचं दुकान उघडलं होतं. साल इतकं पक्कं सांगता येतं, कारण त्याच वर्षी अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत त्यांनी तो तसाच ठेवला होता. तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर, हे वाक्य पुढे त्या घरात कितीतरी वेळा अर्ध्यावर सोडलं गेलं.

कारखाना म्हणायचा एवढंच. खाली एक लांबट खोली, वर राहतं घर, मधे लाकडी जिना. खोलीच्या एका टोकाला पिंजणाचं यंत्र, दुसऱ्या टोकाला बेतायचं टेबल. ते टेबल सासऱ्यांच्या वेळचं, बारा फूट लांब, कडा कात्रीने कुरतडून गुळगुळीत झालेल्या. चाळीस वर्षं त्या टेबलाशी अक्का उभ्या राहत आल्या होत्या. थोरल्यांची आणि धाकट्यांची ही मोठी बहीण. लग्न केलं नाही, कात्री मात्र सोडली नाही. गादीची खोळ असो, उशीचा अभ्रा असो, अक्कांनी बेतला की चिंधीभर कापड वाया जायचं नाही.

त्या रविवारी दुपारी त्या टेबलावर कापड नव्हतं. धाकट्यांच्या मुलीने, चिमणीने, तिथे एक गादी, एक उशी, एक लोड, खुर्चीवरची एक बैठक आणि प्रवासात मानेला लावायची एक उशी अशी ओळ मांडली होती. प्रत्येकीवर टाचणीने एकेक चिठ्ठी.

“हे काय, निकाल लावायला बसलीस का?” धाकटे म्हणाले.

“निकालच आहे बाबा,” चिमणी म्हणाली. “बसा सगळे. मोठीआई, तू खुर्चीवर बस. आत्या, तू कात्री खाली ठेव आधी.”

“कात्री तुला काय करते?” अक्का म्हणाल्या आणि कात्री मांडीवर घेऊनच बसल्या.

थोरली, म्हणजे थोरल्यांची बायको, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. खुर्ची रिकामीच राहिली. ती थोरल्यांची होती. धाकटी जाऊ दवाखान्यात नर्स होती, रविवारी तिची पाळी असायची, म्हणून ती या सगळ्यात नव्हती. नाहीतर गोष्ट वेगळी झाली असती. तिची नजर तीक्ष्ण होती.

चिमणीने दोन वर्षं एका मोठ्या ऑनलाइन बाजाराच्या गोदामात नोकरी केली होती, आणि तीही परत आलेल्या मालाच्या टेबलावर. लोक काय विकत घेतात हे सगळ्यांनाच दिसतं, पण लोक काय परत पाठवतात आणि का, हे त्या पोरीला तोंडपाठ होतं. बोलायला लागली की तिचं नाव सार्थ वाटायचं.

“आपल्याला एकच वस्तू निवडायचीय,” ती म्हणाली. “सगळं एकदम मांडायला गेलो तर काहीच धड होणार नाही. मी चार प्रश्न घेतलेत. एक, किती लोक ही वस्तू शोधतात. दोन, किती जण आधीच विकतात. तीन, पार्सल केवढं होतं. चार, परत येण्याची भीती किती.”

“आणि चांगली किती आहे, तो कितवा प्रश्न?” अक्का म्हणाल्या.

“तो फोटोत दिसत नाही आत्या.”

धाकटे हसले. थोरलीही जरा हसली. मग चिमणीने एकेक वस्तू हातात घ्यायला सुरुवात केली.

गादी पहिल्या दमात गेली. कापसाची गादी दाबून बसत नाही, आणि कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोकं किती जागा खातं तेही बघतात. “गादीपेक्षा तिचं भाडं जास्त,” चिमणी म्हणाली. साधी उशी शोधणारे लाखो, पण विकणारेही हजारो. आपल्याला कापूस पडतो त्याहून स्वस्तात ते दोन उशा देतात.

“दोन?” धाकटे म्हणाले. “आत काय, हवा भरतात?”

“हवाच, बाबा. वर गोंडस नाव.”

लोड गेला, त्याचं खोकं गादीच्या खोक्याचं चुलत भावंड. खुर्चीच्या बैठकीवर धाकट्यांची आशा होती. तिच्यावर त्यांनी हात ठेवला होता, शाळेत आपल्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. चिमणीने तो हात हळूच उचलला.

“शंभर गेल्या तर तीस परत येतात. फोनवर रंग लालबुंद दिसतो, घरी विटकरी निघतो. शिवाय प्रत्येकाची खुर्ची निराळी. मी रोज ढीग लावत होते बाबा, मला विचारा.”

“आणि ही मानेची?”

“ती लोक एका प्रवासापुरती घेतात. विमानतळावर विसरतात आणि पुन्हा स्वस्तातली घेतात. आपली वीस वर्षं टिकेल. त्याचा उपयोग काय?”

वीस वर्षं टिकणं हा त्या घराण्याचा एवढा मोठा अभिमान होता, आणि या पोरीने तो टाचणीसारखा उपटून बाजूला ठेवला.

टेबलाच्या टोकाला अजून एक चिठ्ठी होती. तिच्याखाली वस्तू नव्हती. थोरलीचं लक्ष मघापासून त्या मोकळ्या जागेकडेच होतं. चिमणीने घसा साफ केला तेव्हाच थोरलीने पदर घट्ट ओढून घेतला.

“एक वस्तू चारही प्रश्नांत पास होते. खूप लोक शोधतात. विकणारे पाच-सहाच. फार मोठी नाही, फार जड नाही. आणि जे विकतात त्यांना लोक अक्षरशः शिव्या देतात. मोठीआई…”

“नाही,” थोरली म्हणाली.

“मी अजून नाव घेतलं नाही.”

“घेऊही नकोस.”

ती कुशीची उशी होती.

थोरल्यांची एकुलती एक लेक पंधराव्या वर्षी अंथरुणाला खिळली. उंच मुलगी, बाप तिला लाडाने ‘शिडी’ म्हणायचा. आधी पाय गेले, मग कंबर. डॉक्टरांनी सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. बाजारातल्या उशा लावून पाहिल्या, त्या सरकायच्या. मग थोरल्यांनी एक लांब, वाकडी उशी शिवली. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पोचणारी, कमरेला खोलगट, गुडघ्यांच्या मधे तिची जिभेसारखी पट्टी शिरेल अशी. कापूस तीन तऱ्हेचा, कुठे घट्ट, कुठे सैल. चार वर्षं लेक त्या उशीला पाठ टेकून होती, आणि चार वर्षांत एक जखम झाली नाही. एकोणिसाव्या वर्षी ती गेली. तेव्हासुद्धा पाठ नितळ होती. हे सांगताना दवाखान्यातल्या नर्सबाईंचे, म्हणजे धाकट्या जावेचेच, डोळे भरून आले होते.

पुढे गावात कुणी अंथरुणाला खिळलं की थोरले स्वतः जाऊन माप घ्यायचे आणि तशी उशी शिवून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. अट एकच: काम झालं की उशी परत आणून द्यायची. काम झालं म्हणजे माणूस उठून बसलं किंवा गेलं, दोन्हीपैकी काहीही. मग ते ती उसवायचे, कापूस टाकून द्यायचे, खोळ उकळून घ्यायचे आणि पुढच्या माणसासाठी नव्याने भरायचे.

“दादाने ती कधी विकली नाही,” अक्का म्हणाल्या. “चिमणे, काही गोष्टी दुकानात मांडायच्या नसतात.”

“दुकान राहिलं तर ना, आत्या.”

“तोंड आवर,” धाकटे म्हणाले. पण ते मुलीकडे बघत नव्हते, थोरलीकडेही नाही. यंत्राच्या पट्ट्याकडे बघत होते. “वहिनी, मी तुम्हाला सांगणार नव्हतो. मार्चनंतर कापूस आणायचा की नाही, मला ठरवता येत नाहीये.”

“म्हणजे हे तुम्ही दोघांनी आधी ठरवलंत.”

“ठरवलं नाही. बोललो.”

“माझ्या पाठीमागे बोललात.”

“तुमच्यासमोर कसं बोलायचं, वहिनी? त्या उशीचा विषय निघाला की तुम्ही उठून जाता. दादा होता तेव्हाही जायचात.”

हे खरं होतं. थोरली उठलीच होती, एक पाय वरच्या पायरीवर होता. ती पुन्हा खाली बसली.

“अक्का, तुम्ही तरी सांगा यांना.”

“मी सांगते ना,” अक्का म्हणाल्या. “जोवर मी टेबलाशी आहे तोवर ती उशी विकायला बेतणार नाही. झालं?”

असे दोन तट पडले. एकीकडे दोघी म्हाताऱ्या, दुसरीकडे बापलेक. मधे बारा फुटांचं टेबल आणि नापास झालेल्या पाच वस्तू.

चिमणीने वाद घातला नाही. तिने फोन काढला.

“मी फक्त वाचते. दुसऱ्यांच्या उशांखाली लोकांनी लिहिलेलं. नको असेल तर थांबव.” आणि ती वाचू लागली. “‘आईसाठी घेतली. दहा दिवसांत चपटी झाली. आईच्या पाठीला जखम झाली आहे.’ दुसरं. ‘फोटोत मोठी दिसते, माझ्या नवऱ्याच्या खांद्यालाही पुरत नाही. परत घेत नाहीत.’ हे तिसरं. ‘मुलगा सतरा वर्षांचा आहे. रात्रभर उशी सरकते, रात्रभर मी जागी. कुणाला चांगली माहीत असेल तर कृपया सांगा.’”

“कुणी सांगितलं का तिला?” थोरलीने विचारलं.

“कुणाला?”

“त्या बाईला. सतरा वर्षांच्या.”

“खाली कुणीतरी लिहिलंय, ‘मीही शोधते आहे.’”

यंत्राच्या पट्ट्यावर एक माशी बसत होती, उठत होती. थोरली तिच्याकडे बघत राहिली. सरकणारी उशी म्हणजे काय हे तिला सांगायची गरज नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत लेकीच्या पाठीशी ती स्वतः उशी होऊन निजली होती, आणि हात बधिर झाला तरी हलवला नव्हता.

“मापं घ्यायला कोण जाणार?” तिने विचारलं. “हे तर घरोघर जायचे.”

चिमणीचा चेहरा उजळला. तिने लगेच आवरला. “लहान, मधलं आणि मोठं. तीन मापं, उंचीवरून. मधल्यावरून बाकीची दोन काढता येतात. पण मधलं बिनचूक हवं. मोठ्या बाबांनी ताईसाठी काढलेलं मूळ माप… तो कागद तुझ्याकडे आहे ना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“आईने. तिने तुला एकदा तो बघताना पाहिलं होतं.”

थोरली जिना चढून वर गेली.

“दुखावलीस तिला,” अक्का म्हणाल्या.

“मला माहितीये आत्या.”

“माहितीये म्हणते वर.”

थोरलीने कपाट उघडलं. साड्यांच्या मागे खाकी कागदाची गुंडाळी होती, नाडीने बांधलेली. तिने ती सोडली नाही. आत काय आहे ते तिला न बघता दिसत होतं. याच घरात, याच पलंगावर कागद अंथरला होता. दोघांनी लेकीला उचलून त्यावर कुशीवर निजवलं होतं, आणि थोरल्यांनी तिच्याभोवती रेघ ओढली होती. डोक्यापासून तळव्यांपर्यंत. वेणीचा उंचवटासुद्धा. लेक हसत होती, “बाबा, गुदगुल्या होतात,” म्हणून मानेपाशी रेघ थोडी हललेली होती.

कारखान्याचा एक नियम होता, सासऱ्यांनी घालून दिलेला. पेन्सिलची रेघ कात्रीसाठी, खडूची सुईसाठी. पेन्सिल दिसली की कापायचं, खडू दिसला की शिवायचं. विचारत बसायचं नाही. थोरल्यांनी आधी खडूच काढला होता. पण खडूच्या धुळीने लेकीला खोकला आला, आणि त्या दिवसांत तिला एक खोकला दोन दिवस पुरायचा. म्हणून त्यांनी पेन्सिल घेतली. काम झाल्यावर म्हणाले होते, “हा कागद अक्कापासून लांब ठेव हं.” तिघंही हसली होती. मग त्यांनी दुसऱ्या कागदावर खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग उतरवून घेतला आणि मूळ कागद थोरलीकडे दिला. तो उतरवलेला कागद वापरून वापरून केव्हाच फाटून गेला. घरोघरची मापं निराळी, त्यामुळे पुन्हा उतरवायची वेळ आली नाही. हा राहिला.

गुंडाळी घेऊन ती खाली आली आणि सरळ अक्कांच्या पुढ्यात ठेवली.

“अक्का, यावरून बेता.”

“अगं…” अक्का म्हणाल्या. “तू म्हणतेस?”

“सतरा वर्षांचा आहे तो मुलगा. पण माझी एक अट आहे, चिमणे. काम झाल्यावर कुणी उशी परत पाठवली तर घ्यायची. वर्षाने पाठवली तरी घ्यायची.”

“मोठीआई, दहा दिवसांनंतर परत घ्यायचा नियम नाही. आणि वापरलेली उशी आपण परत विकू शकत नाही.”

“विकायला कोण सांगतंय? आलेल्या उशा नव्याने भरून आपल्या गावात वाटायच्या. खोक्यात एक चिठ्ठी घालायची, एवढंच.”

चिमणीने बापाकडे पाहिलं. धाकट्यांनी मान हलवली. “चिठ्ठी घालू, वहिनी.”

“मग झालं. मी चहा टाकते,” थोरली म्हणाली. तिला तो कागद उलगडताना बघायचा नव्हता. आपल्याला बघवणार नाही म्हणून ती वर गेली, आणि जे एक वाक्य सांगायचं ते सांगायचं राहिलं. खरं तर तिच्या मनातच आलं नाही. जी गोष्ट आपण रोज मनात बघतो, ती दुसऱ्याला दिसत नसेल असं वाटत नाही.

चिमणी फोनवर बोलायला बाहेर गेली, पार्सलच्या खोक्यांची चौकशी करायला. धाकटे मागच्या खोलीतून कापसाची गोणी आणायला गेले. टेबलाशी अक्का एकट्या होत्या. त्यांनी गुंडाळी सोडली, तळहाताने कागद सरळ केला. तिन्हीसांज अजून लांब होती, पण त्यांच्या डोळ्यांत बारा महिने तिन्हीसांजच होती. त्यांना खाकी रंग दिसला आणि त्यावर काळी रेघ दिसली. पेन्सिलची. कुशीची उशी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत असते हे हाताला पाठ होतं. वरचं आणि खालचं जास्तीचं, असं हाताने ठरवलं. डोळ्यांना कुणी विचारलंच नाही.

वर थोरलीला कात्रीचा आवाज आला. जाड कागदावरचा, करकर करत जाणारा. ‘उतरवून झालं इतक्यात?’ असं तिला वाटलं. चहात साखर घालता घालता तिचा हात थांबला. मग ती जिना उतरू लागली. पन्नाशी उलटलेल्या बाईने उतरू नये तशी.

अक्का समाधानाने काम बघत होत्या. “रेघ काय सुंदर आहे गं दादाची,” त्या म्हणाल्या. “एका श्वासात कापलं. फक्त वर खाली उगाच लांबवलं होतं त्याने. ते काढलं.”

टेबलाखाली, चिंध्यांच्या टोपलीत, दोन तुकडे पडले होते.

थोरली गुडघ्यांवर बसली. तिने पहिला तुकडा काढला. त्यावर डोकं होतं, वेणीचा उंचवटा होता, मानेपाशी हललेली रेघ अर्धी. दुसऱ्यावर गुडघ्याखालचे पाय, एकावर एक ठेवलेली दोन पावलं.

चिमणी दारात आली होती. तिला आधी कळलं नाही. मग तिने तुकड्यावरची वेणी पाहिली आणि तोंडावर हात ठेवला.

“काय झालं?” अक्का म्हणाल्या. “कुणी बोलत का नाही? काय झालं गं?”

धाकटे गोणी तिथेच ठेवून पुढे झाले. त्यांनी थोरलीच्या हातातला तुकडा घेतला, अक्कांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्या रेघेवरून फिरवलं. डोकं, कपाळ, नाक, हनुवटी. पेन्सिल दाबून ओढलेली होती, कागदावर चर उमटला होता. बोट वेणीपाशी आलं आणि थांबलं.

अक्कांच्या हातातली कात्री टेबलावर पडली. त्या भिंतीचा आधार घेत मागे सरकत गेल्या आणि थोरल्यांच्या खुर्चीत बसल्या. सव्वा वर्षात त्या खुर्चीत पहिल्यांदा कुणी बसलं होतं.

“मला दिसलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं… पेन्सिल होती गं.”

“हो,” थोरली म्हणाली.

“मोठीआई, चूक माझी आहे,” चिमणी रडत म्हणाली. “मी बाहेर गेले. मी हा कागद मागितला. मला नकोय हे सगळं. जोडू आपण, चिकटवू…”

“भाऊजी, कागद कापला नसता तर मापाला काय वापरलं असतं?” थोरलीने विचारलं. आवाज कोरडा होता.

“दुसऱ्या कागदावर उतरवला असता, वहिनी.”

“आणि तो फाटला असता. मग पुन्हा हा मागितला असता.” तिने टेबलावरचा मधला भाग उचलला. कड कुठेही हललेली नव्हती. अक्कांचा हात तसाच होता. खांदा, कंबर, गुडघे. तिने तो अक्कांच्या मांडीवर ठेवला. “अक्का, बेतलंत ते बरोबर बेतलंत. आता कापड घ्या.”

“मी आता कात्रीला हात लावणार नाही.”

“मग कोण लावणार? हिला सरळ रेघ कापता येत नाही.”

थोरली म्हणाली त्यात थट्टा होती की नाही, चिमणीला कधीच ठरवता आलं नाही. अक्कांनी मांडीवरच्या कागदाची कड बोटाने चाचपली. मग उठल्या, टेबलाशी आल्या, आणि पहिल्या उशीची खोळ त्यांनी डोळे मिटून, बोटांनी कड चाचपत बेतली. वर स्टोव्हवर चहा उतू जाऊन काळा झाला होता. तो कुणी प्यायला नाही.

दोन्ही तुकडे थोरलीने वर नेले. पलंगावर ठेवून पाहिले, होते तेवढ्या अंतरावर. डोकं इथे, पावलं तिथे. मधे नुसती चादर.

पुढे मात्र एक रिवाज झाला. नमुन्याचा मधला कागद टेबलाशेजारच्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि आठवडाभर कामाला यायचा. सुटीच्या दिवशी थोरली तो काढून वर न्यायची, पलंगावर तिन्ही भाग जुळवायची, थोडा वेळ जवळ बसायची. सोमवारी सकाळी कागद पुन्हा खिळ्यावर असायचा.

उशी चालली. फार नाही, पण कापूस आणायला पुरेल इतकी, आणि मग त्याहून जास्त. मधलं माप सगळ्यात जास्त जायचं. सतरा वर्षांच्या मुलाच्या आईला चिमणीने शोधून पहिली उशी पाठवली. तिने खाली लिहिलं, ‘सरकत नाही,’ एवढंच.

धाकट्यांनी गाद्या बंद केल्या तेव्हा दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पुढे पार्सलच्या खोक्यांवर चिकटपट्टी लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि चिठ्ठी घातल्याशिवाय एकही खोकं बंद होऊ दिलं नाही. उशा परत येऊ लागल्या. दीड वर्षाने, दोन वर्षांनी, लोकांनी आपल्या खर्चाने पाठवलेल्या. कधी आत कागद असायचा, ‘उठून चालायला लागले.’ बहुतेक वेळा कागद नसायचा. धाकटे शेवटपर्यंत त्या स्वतः उसवत असत. ते मागच्या वर्षी गेले.

अक्कांनी पुढच्याच महिन्यात ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन आधी ते दोन तुकडे मागितले, खिडकीपाशी नेऊन बघितले, आणि परत देताना म्हणाल्या, “नाक दादासारखं होतं.” त्यानंतर तीन वर्षं त्यांनी कात्री चालवली. गेल्या तेव्हा ती टेबलावरच होती. अजून आहे.

चिमणीने शेजारची जागा घेतली. आता तिच्याकडे अकरा बायका काम करतात. धाकटी जाऊ नोकरीतून निवृत्त झाली, आणि फोनवर लोकांना माप कसं घ्यायचं ते तीच समजावते. नमुन्याच्या कडा झिजू लागल्या तेव्हा चिमणीने तो पत्र्यात कापून घेतला आणि मूळ कागद वर नेऊन थोरलीच्या हातात दिला. “आता तुझाच,” ती म्हणाली. थोरलीने तिन्ही भाग एका पांढऱ्या कापडावर बारीक टाके घालून जोडले. खळ वापरली नाही.

दोन हजार तेवीस साली थोरली स्वतः अंथरुणाला खिळली. ती बुटकी होती आणि आजाराने आणखी आटली होती. चिमणीने उंची बघितली, लहान मापाची उशी काढली आणि तिच्या पाठीशी लावायला गेली.

“ही नको,” थोरली म्हणाली. “मधली दे.”

लहान मापाच्या माणसाला मधली लावली तर कंबर त्या खोलगट भागात बसत नाही, हे जगात कुणाहीपेक्षा चिमणीला जास्त माहीत होतं. याच एका कारणासाठी तिने किती लोकांच्या उशा बदलून दिल्या होत्या. तिने मधली आणली. थोरली कुशीवर वळली आणि लेकीच्या त्या मापात निजली. खांद्यापाशी बरीच जागा उरली होती, पायापाशीही. ती जागा कशी भरावी असं तिने विचारलं नाही, आणि चिमणीनेही तिथे दुसरं काही ठेवलं नाही.